यंत्राचा कान आणि जयपूरची बोली

जयपूरच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातील वृद्ध गृहस्थाने मोबाइल फोनसमोर 'राम को घर छै' असे वाक्य उच्चारले, तर त्याचा अर्थ मराठी वाचकालाही फारसा अडणार नाही. परंतु बोलणे ऐकून ते अक्षरांत उतरविणारे जे यंत्र त्या फोनमध्ये असते, ते हिंदीवर शिकविलेले असते. असे यंत्र बहुधा 'राम का घर है' असे लिहून मोकळे होते. पाहणाऱ्याला वाटते की, अर्थ तर बरोबर आला. मग बिघडले काय? बिघडले ते असे की, यंत्राला लिहून घ्यावयास सांगितले होते आणि त्याने भाषांतर केले. शिवाय आपण भाषांतर केले आहे हे त्याने कोणास सांगितलेही नाही. वक्त्याचे शब्द नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच भाषेचे शब्द त्याच्या नावावर जमा झाले.

ही बोली ढूंढाडी होय. जयपूर, दौसा, टोंक आणि त्यांच्या लगतचा जो प्रदेश पूर्वीपासून ढूंढाड म्हणून ओळखला जातो, तेथे ती बोलली जाते. जुन्या ग्रंथांत तिला जयपुरी असे नाव आहे. राजस्थानच्या पश्चिम भागातील मारवाडीहून ती सहज वेगळी ओळखता येते. मारवाडी मनुष्य 'राम रो घर है' म्हणेल, ढूंढाडी मनुष्य 'राम को घर छै' म्हणेल. हा 'छै' पाहून गुजरातीतील 'छे' आठवावा हे स्वाभाविक आहे, आणि खानदेशातील वाचकाला अहिराणीतला 'शे'ही आठवेल.

या क्रियापदाची रूपे मोठी मनोरंजक आहेत. 'मी आहे' याला 'छूं', 'आम्ही आहोत' याला 'छां', 'तो आहे' याला 'छै' आणि 'तुम्ही आहात' याला 'छो'. पण भूतकाळात 'तो होता' यालाही 'छोच' म्हणतात. अनेक पुरुष असतील तर 'छा' आणि स्त्री असेल तर 'छी'. म्हणजे 'थे छो' म्हटले की 'तुम्ही आहात' आणि 'वो छो' म्हटले की 'तो होता'. एकच अक्षर, काळ वेगळा, पुरुष वेगळा, वचनही वेगळे. त्या घरात वाढलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा येथे कधी गोंधळ होत नाही. ज्या यंत्राने ही रूपे पूर्वी ऐकलीच नाहीत, त्याचा मात्र प्रत्येक वेळी होईल.

तो का होतो हे समजण्यासाठी यंत्र ऐकते कसे, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. ध्वनिग्राहकातून आलेल्या आवाजाचे यंत्र अगदी बारीक तुकडे करते. एकेक तुकडा सामान्यतः २५ सहस्रांश सेकंदांचा असून दर दहा सहस्रांश सेकंदांनी नवा तुकडा घेतला जातो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येचा जोर किती, हे अंकांत मांडले जाते. या अंकांच्या माळेवरून कोणती अक्षरे उच्चारली गेली असावीत याचा अंदाज यंत्र करते. आणि तो अंदाज करण्याची शक्ती त्याला आधी पुरविलेल्या हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांतून व त्यांच्या लिखित प्रतींतून आलेली असते. परंतु केवळ ध्वनीवर यंत्र विसंबून राहत नाही. 'राम', 'घर' यांच्यापुढे बहुधा कोणता शब्द येतो, याचाही हिशेब त्याच्याजवळ असतो. ध्वनी थोडा अस्पष्ट असला की हा हिशेब वरचढ ठरतो. लाखो हिंदी वाक्ये 'है'ने संपलेली त्याने पाहिली आहेत; 'छै'ने संपलेले एकही नाही. तेव्हा कानावर 'छै' पडूनही त्याच्या हिशेबात 'है' जिंकतो. यात यंत्राचा दुष्टपणा नाही. त्याने जे ऐकले नाही ते त्याला ऐकू येत नाही, एवढेच.

'ळ'चेही तसेच आहे. राजस्थानी बोलींत मराठीप्रमाणे 'ळ' आहे, प्रमाण हिंदीत तो नाही. दुष्काळाला तेथे 'काळ' म्हणतात. अवर्षणाच्या त्या प्रदेशात याहून नित्य परिचयाचा शब्द शोधून सापडणार नाही. हिंदीच्या सवयीने यंत्र त्याचा 'काल' करते, आणि दुष्काळाची आठवण सांगणारी म्हातारी काळाविषयी काही तत्त्वज्ञान सांगत असावी, असा भास होतो. गंमत अशी की, लिपीच्या बाजूने येथे काहीच अडचण नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जी प्रमाण संकेतावली निश्चित झाली तीत 'ळ' होता, जागतिक युनिकोड संकेतावलीत तो आहे, आणि हिंदीसाठी वापरल्या जाणाऱ्या इन्स्क्रिप्ट कळफलकावरही तो आहे. अक्षर बोटाखाली आहे, कानात नाही.

मग ढूंढाडीचे नमुने यंत्राला का पुरविले गेले नाहीत? याचे एक उत्तर नावात आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १४ लाख ७६ हजार लोकांनी आपली मातृभाषा ढूंढाडी असल्याचे सांगितले. याच जनगणनेत दोन कोटी ५८ लाखांवर लोकांनी नुसते 'राजस्थानी' असे नाव सांगितले. त्यांत ढूंढाडी बोलणारे किती, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही, आणि ज्यांनी 'हिंदी' असे सांगितले त्यांचा तर प्रश्नच नाही. पुढे सारणी तयार होताना ढूंढाडी व राजस्थानी ही दोन्ही नावे हिंदीच्या शीर्षकाखाली गेली. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील खानदेशी म्हणजे अहिराणी हिला त्याच जनगणनेत स्वतंत्र भाषा म्हणून जागा मिळाली, आणि तिचे बोलणारे साडेअठरा लाखांच्या घरात होते. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचा निर्णय शास्त्राच्या तराजूवर होतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

राजस्थानीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश व्हावा, असा ठराव राजस्थान विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी एकमताने संमत केला. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी या चार भाषा अनुसूचीत आल्या आणि एकूण संख्या २२ झाली; राजस्थानी त्यांत नव्हती. या गोष्टीचा यंत्रांशी संबंध नाही असे वाटेल, पण तो फार निकटचा आहे. २०२२ साली भारत सरकारने 'भाषिणी' नावाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची आखणी या २२ भाषांना धरून झाली. जी भाषा यादीत नाही, तिच्यासाठी ध्वनिसंग्रह करण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आपोआप येत नाही.

तथापि यादीत नाव येईपर्यंत वाट पाहत बसावे, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. नमुने गोळा करण्याचे काम जयपुरात यापूर्वीही झाले आहे, आणि तेही कोणत्याही अनुसूचीवाचून. जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने रेव्हरंड मॅकॅलिस्टर या पाद्र्याने जमविले आणि ते १८९८ साली अलाहाबादेत छापले गेले. पुढे सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीचा राजस्थानीविषयक खंड १९०८ साली प्रसिद्ध केला, त्यात या संग्रहाचा मोठा आधार घेतला. तोरावाटी, काठैडा, चौरासी, नागरचाल, राजावाटी अशा जयपुरीच्या पोटभेदांची नावे त्यात नोंदलेली आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानाच्या सीमेत इतके भेद कोणी तरी कान देऊन ऐकले होते. आजच्या यंत्रांना त्यांपैकी एकही ठाऊक नाही.

ग्रियर्सन यांच्या पद्धतीतील एक उणीव मात्र आज अधिक जाणवते. ठिकठिकाणच्या बोलींची तुलना करता यावी म्हणून त्यांनी बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत भाषांतरित करून घेतली. याच पाहणीसाठी १९१३ पासून पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या. ९७ भाषा व बोलींचे सुमारे २४० नमुने त्यांवर आहेत, आणि आज ते कोणालाही संगणकावर ऐकता येतात. तुलनेसाठी ही युक्ती उत्तम होती, यात शंका नाही. पण भाषांतर करणारा मनुष्य मुळातील वाक्याच्या ओढीने बोलतो. तो अडखळतो, सावध होतो, आणि ज्या म्हणी, शिव्या, लाडाचे शब्द व अर्धवट सोडलेली वाक्ये यांनी बोलीचा पिंड घडलेला असतो ती सारी बाजूला राहतात.

नवल हे की, शंभर वर्षे लोटल्यावरही यंत्रांचे शिक्षण पुष्कळ अंशी याच मार्गाने चालले आहे. २०२३ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीने अकराशेंहून अधिक भाषांचे बोलणे ओळखणारे यंत्र तयार केले. त्यासाठी वापरलेला ध्वनिसंग्रह मुख्यतः 'नव्या करारा'च्या वाचनांचा होता. त्याच कंपनीने त्याआधी एक वर्ष भाषांतरयंत्रांच्या परीक्षेसाठी दोनशे भाषांचा वाक्यसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील तीन हजार वाक्ये मुळात इंग्रजी असून इतर भाषांत ती भाषांतरित करून घेतलेली आहेत. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे म्हणता येईल. परंतु अशा साहित्यावर वाढलेल्या यंत्राला प्रवचनाची ढूंढाडी कदाचित येईल. बाजारची, शेताच्या बांधावरची आणि चुलीपुढची येणार नाही.

या प्रश्नाशी फार दिवस झुंजत असलेला एक समाज दक्षिण अमेरिकेत आहे, आणि त्याचा अनुभव जयपूरला उपयोगी पडण्यासारखा आहे. अँडीज पर्वताच्या प्रदेशात केचुआ या भाषाकुलाच्या अनेक भाषा बोलल्या जातात. इंका साम्राज्याचा कारभार याच कुलातील भाषेत चाले. दोमिंगो दे सान्तो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तिचे व्याकरण १५६० साली छापून प्रसिद्ध केले. म्हणजे छापील व्याकरणाच्या बाबतीत ही भाषा कित्येक युरोपीय भाषांच्याही पुढे होती. तिची शब्दरचना मराठी वाचकाला कौतुकाची वाटेल. 'वासि' म्हणजे घर. 'वासियकुनापि' म्हणजे 'माझ्या घरांमध्ये'. 'माझे', अनेकवचन आणि 'मध्ये' हे तिन्ही अर्थ एकामागून एक प्रत्ययांनी जोडले जातात. शब्दांची साधी यादी घेऊन बसणारे यंत्र अशा भाषेपुढे निरुपयोगी ठरते. त्याला प्रत्यय सोडवून पाहावे लागतात.

पेरू देशाने १९७५ साली केचुआला राजभाषेचा दर्जा दिला. हा दर्जा राजस्थानीला अजून मिळावयाचा आहे. परंतु दर्जा मिळताच सारे सुरळीत झाले, असे घडले नाही. स्वर तीन लिहावेत की पाच, यावरून पक्ष पडले. १९८५ साली तीन स्वरांची वर्णमाला अधिकृत ठरली, तरी वाद मिटला नाही. एकच शब्द दोन प्रकारे लिहिला गेला की यंत्राच्या दृष्टीने ते दोन शब्द होतात, आणि आधीच थोडे असलेले साहित्य आणखी विभागले जाते. उलट, ज्या संशोधकांनी लेखनाचा वाद तूर्त बाजूस ठेवून प्रथम आवाज जमविला त्यांचे काम पुढे गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला 'सिमिन्चिक' नावाचा संग्रह दक्षिण केचुआच्या नभोवाणी कार्यक्रमांतून तयार करण्यात आला आहे. तेथे कोणी भाषांतर करीत नाही. माणसे आपसांत बोलतात, हसतात, एकमेकांचे वाक्य तोडतात. २०२२ साली एका प्रसिद्ध भाषांतरसेवेने केचुआचा समावेश केला, त्याच यादीत कोकणी, भोजपुरी, मैथिली व डोगरी याही होत्या. दोन वर्षांनी तिच्या पुढच्या यादीत मारवाडी आली. ढूंढाडी त्या यादीत नव्हती.

मारवाडीचा हा प्रवेश आनंदाचा आहे, आणि तेथेच एक धोकाही आहे. राजस्थानीचे आजचे लिखित रूप पश्चिमेकडे झुकलेले आहे. सीताराम लाळस यांचा 'राजस्थानी सबद कोस' १९६२ ते १९७८ या काळात जोधपुराहून प्रसिद्ध झाला. दोन लाखांहून अधिक शब्दांचा हा ग्रंथ म्हणजे एका माणसाच्या चिकाटीचे आश्चर्य आहे, आणि आज तो संगणकावर शोधता येतो. पण त्याचा मुख्य आधार डिंगळ वाङ्मय व पश्चिम राजस्थानची भाषा हाच आहे. कोमल कोठारी व विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थान स्थापन केले आणि लोकगीते व लोककथा यांच्या ध्वनिमुद्रणाचा मोठा साठा केला. तोही प्राधान्याने मारवाडच्या बाजूचा. साहित्य अकादमीचा राजस्थानीसाठीचा पहिला पुरस्कार १९७४ साली देथांनाच मिळाला. लिपीच्या क्षेत्रातही असेच घडले. मारवाडीत डकाराचे एक निराळे वळण लिहिले जात असे. 'ॸ' हे ते अक्षर २०१४ साली युनिकोडमध्ये आले, आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांतील महाजनी लिपीलाही त्याच वर्षी तेथे स्थान मिळाले. ही सारी कामे मोलाची आहेत. मात्र 'राजस्थानी' या नावाने जे यंत्र उद्या तयार होईल ते याच साठ्यावर शिकेल, आणि मग ढूंढाडी 'छै'चा 'है' होण्यास दोन कारणे होतील. आज तो हिंदीच्या सवयीने होतो, उद्या मारवाडीच्या सवयीनेही होईल. यासाठी राजस्थानीचे प्रमाण रूप आधी ठरवावे आणि मग यंत्रांकडे वळावे, हा आग्रह ढूंढाडीच्या हिताचा नाही. आवाज आधी जमवावा. लेखनाचे नियम मागाहून ठरविता येतात. म्हातारी माणसे मात्र मागाहून मिळत नाहीत.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे पुष्कळदा त्या बोलीतच वाढलेले पालक असतात. मुलाला हिंदी व इंग्रजी आली म्हणजे झाले. 'छै' शिकून त्याला नोकरी मिळणार आहे काय? आक्षेप खोटा नाही. पण यंत्राचा प्रश्न मुलाच्या नोकरीपुरता नाही. हवामानाचा अंदाज, पिकावरील कीड, बँकेतील खाते, दवाखान्यातील वेळ या गोष्टी हळूहळू बोलणाऱ्या यंत्रांकडे जात आहेत. जी स्त्री शाळेत गेलेली नाही आणि जिला लिहिता येत नाही, तिला अशा यंत्राची गरज सर्वांत जास्त. आणि तिचीच बोली यंत्राला सर्वांत कमी कळते. जो शिकलेला आहे तो हिंदीत बोलून वेळ निभावून नेतो. यंत्राच्या बहिरेपणाचा भार शेवटी तिच्यावर पडतो.

कामाची दिशा दाखविणारी दोन उदाहरणे भारतातच आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'वाणी' हा प्रकल्प चालू आहे. तो भाषांच्या यादीवरून न चालता जिल्ह्यांवरून चालतो. देशातील सर्व जिल्ह्यांतून दीड लाख तासांहून अधिक बोलणे जमविण्याचा त्याचा संकल्प असून, त्या जिल्ह्यातील मनुष्य ज्या भाषेत बोलेल ती भाषा त्यात येते. दुसरे उदाहरण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे. तेथील अभ्यासकांनी २०१७ पासून महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन मराठीच्या बोली ध्वनिमुद्रित केल्या आणि एखादा शब्द किंवा प्रत्यय कोठे कसा बदलतो, ते नकाशांवर दाखवून सर्वांसाठी खुले केले. ढूंढाडसाठी असा नकाशा झाला, तर मॅकॅलिस्टरच्या संग्रहातील तोरावाटी आणि चौरासी आज कोठे उरल्या आहेत, हे निदान कळेल.

या कामास फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. बोलणाऱ्याचे गाव, वय व वर्ष यांची नोंद, त्याची संमती, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था एवढे झाले तरी आरंभ होतो. संमतीचा मुद्दा केवळ उपचाराचा नव्हे. आवाज ही माणसाची ओळख असते. तो कोठे जाणार व कोणी वापरणार, हे विचारल्यावाचून घेतलेला संग्रह शास्त्रशुद्ध असला तरी न्याय्य होत नाही. मजकूर मात्र मुलांनी निवडू नये, वृद्धांना निवडू द्यावा. त्यांना उधळ्या पुत्राची कथा सांगावयास लावू नये. कोणत्या वर्षी काळ पडला होता आणि तेव्हा पाणी कोठून आणीत, एवढे विचारावे. लिहून घेताना 'छै'ला 'छै'च लिहावे. शिक्षकांना हेच सर्वांत कठीण जाईल, कारण तो खोडून 'है' करण्याची सवय त्यांच्या हाताला वर्षानुवर्षे लागलेली आहे.

पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही ठरविण्यात आली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या प्रश्नापुढे तो घरच्यांनी सांगितलेले नाव लिहून घेईल. जयपूरच्या भोवतालच्या खेड्यांत त्या दिवशी कोणी 'हिंदी' सांगेल, कोणी 'राजस्थानी', कोणी 'ढूंढाडी'. आणि तिघेही घरात वळून एकमेकांशी बोलतील ते बहुधा एकाच बोलीत.